तिसऱ्या खणातली डिस्क

मला लोक संशयी म्हणतात. म्हणू द्या. मानवतच्या बाजारात बाईमाणसानं एकटीनं फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे डोळ्यात तेल घालूनच बसावं लागतं. आमचे मालक जाऊन पाच वर्षं झाली. आदिनाथ नाव त्यांचं, दुकानाच्या पाटीवर बी तेच हाय. ते होते तवा दुकानात कोण बी यायचं, कोण बी बसायचं. मी गल्ल्यावर बसल्यापासून भिंतीवरची फ्रेम बी मला विचारल्याबिगर हालत न्हाई.

पण ही गोष्ट माझी न्हाई. सिद्धोधन खिल्लारेची हाय. मी त्याच्यावर जेवढा शक घेतला तेवढा सख्ख्या दिरावर बी घेतला न्हाई, म्हणून मलाच सांगावी लागायलीय.

सिद्धोधन मूळचा राणीसावरगावचा. त्याचा बाप रंगनाथ विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. चालू मोटारीला कान लावायचा अन् सांगायचा, ही दिवाळी बघंल, ही न्हाई बघत. पोरगं बापामागं हिंडून कान लावायला शिकलं. पुढं गंगाखेडला आयटीआय केलं अन् हैदराबादला एका कंपनीत लागलं. तिथं म्हणे हजारो हार्डडिस्का एका थंडगार खोलीत होत्या अन् ह्याचं काम एकच, मरायला लागलेली काढायची, नवी घालायची. सात वर्षं त्यानं तेच केलं. मग बायकोला, बबिताला, इकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली अन् हा बिऱ्हाड घेऊन मानवतला आला. आता दवाखाने, शाळा, आडत दुकानं, सगळ्यांचे कॉम्प्युटर अन् कॅमेरे हाच बघतो. हातात एक जाड रजिस्टर, अन् तोंडात एकच शब्द, "बघू." झालं का म्हणलं की बघू, होईल का म्हणलं की बघू. माझं तर डोकंच फिरायचं.

आमच्या दुकानात फ्रेमच्या कपाटाशेजारी एक काळा डबा हाय. त्याला सर्व्हर म्हणतात, आमी डबाच म्हणतो. त्याला चार खण अन् एकेका खणात एक हार्डडिस्क. तिन्ही कॉम्प्युटरवरची सगळी लग्नं, बारशी, साखरपुडे वायरीतून त्यातच जाऊन बसतात. चौदा वर्षांची मानवत अन् आसपासची गावं त्या डब्यात हाईत म्हणा ना.

श्रावणात डबा पी-पी करून वरडायला लागला. सिद्धोधनला बोलावलं. त्यानं डब्याला हातच लावला न्हाई. आधी कान लावला, मग स्टूल ओढून दोन तास रजिस्टरात लिहीत बसला.

"डब्याची कुंडली मांडायलास का?" मी विचारलं.

"तसंच समजा ताई. तिसऱ्या खणातली डिस्क आजारी हाय. अन् जागा बी संपत आलीय. चारी बदलून मोठ्या घालाव्या लागतील. पुढच्या तीन वर्षांत लग्नं किती करताल?"

"लग्नं मोजून डिस्का घ्यायच्या का आता?"

"हौ. पूर्वीच्या सहा लग्नांची जागा आता ड्रोनवालं एकच लग्न खातंय."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. म्हणला, ह्या चौघी म्हणजे एका घरातल्या जावा. एक मेली तर बाकीच्या तिघी मिळून तिचं सगळं जसंच्या तसं सांगतात. पण दोघी गेल्या तर उरलेल्या दोघींना काहीच सांगता येत न्हाई, सगळं गेलं. म्हणून एकेकच बदलायची, नवीला तिघींकडून सगळं शिकू द्यायचं, त्याला एकेक दिवस लागतो, अन् मगच पुढचीला हात लावायचा. पहिल्यांदा आजारीच काढायची.

इथवर ठीक होतं. पण नव्या डिस्का त्यानं दोन वेगवेगळ्या दुकानांतून मागवल्या. का? तर एकाच खेपेत बनलेल्या असल्या तर एकदमच बिघडतील. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली, दोन्हीकडून खात असंल मेला. मग त्या नव्याकोऱ्या डिस्का टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन गेला, आठ दिवस तपासायला.

"खोक्यातल्या नव्या डिस्कीचं काय तपासायचं?" मी विचारलं.

"नवीवर तर जास्त शक घ्यायचा ताई. जुनी निदान चालून दाखवलेली असती."

ते मात्र मला पटलं. हे माझ्यासारखंच डोकं हाय, असं बी वाटलं. पण मग म्हणला, सुरू करायच्या आधी अजून एक मोठी डिस्क घ्या, सगळ्याची एक प्रत बाहेर काढून ठेवू. तवा माझं टाळकं सटकलं.

"तूच म्हणलास ना चौघी एकमेकींचं सांगतात? मग ही पाचवी कशाला?"

"चौघी एकाच घरात राहतात ताई. घरालाच आग लागली तर?"

"माझ्या दुकानाला आग लागायची वाट बघायलास का?"

दोनदा म्हणला. रजिस्टरात लिहिलं, 'प्रत घेतली न्हाई, मालकिणीला दोनदा सांगितलं.' माझ्यासमोरच लिहिलं. मला असा राग आला म्हणून सांगू. जाता जाता डब्याच्या कडेवर, एकेका खणाखाली, त्यानं त्या-त्या डिस्कीच्या नंबराची चिठ्ठी चिकटवली. दसरा होऊ द्या, मग सुरू करू म्हणला.

आता खंडेनवमीचं ऐका. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असती. दुकानातले कॅमेरे, स्टँड, फ्रेमला खिळे ठोकायचा हातोडा, सगळं पाटावर मांडायचं. ह्या वर्षी मनात आलं, खरं कमावून देतात त्या तर डिस्का. त्यांनाच कुणी कुंकू लावत न्हाई. म्हणून डबा बंद केला, चारी डिस्का ओढून काढल्या, फडक्यानं पुसल्या, हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, हात जोडले अन् परत घातल्या. कोणती कुठली होती ते कोण बघतंय? चारी सारख्याच दिसतात. बटण दाबलं, डबा चालू. मी विसरून बी गेले.

कोजागिरीनंतरची गोष्ट. एक पोरगी दुकानात आली, सव्वीस-सत्तावीसची, झरीची. नाव रुख्मिणी.

"काकू, माझ्या लग्नाची शूटिंग तुमच्याकडूनच होती. तिची कॉपी पाहिजे. मंगळवारी परभणीला कोर्टात तारीख हाय."

तिनं सांगितलं ते असं. लग्न झालं लॉकडाऊनात, वीस माणसांत, सासऱ्याच्या शेतात. सासरा म्हणजे इथलेच आडतवाले व्यंकटराव. तीन वर्षं नांदली, मग नवऱ्यानं माहेरी आणून सोडली. आता पोटगीचा दावा लावला तर तो कोर्टात सांगायलाय की लग्नच झालं न्हाई, नुसती सुपारी फुटली होती अन् मोडली. अल्बम सासरी, पेनड्राइव्ह सासरी. मांडवातली माणसं बहुतेक त्यांचीच, भटजी बी त्यांचाच. तिचा बाप वारला. राहिली आई, तर तिची साक्ष घरचीच म्हणून सोडून देतील. वकील म्हणला, शूटिंग आणलीस तर केस हाय.

पोरगी खरं बोलायली होती. पण माझा स्वभाव! मला वाटलं, ही कोण, कुणाचं लग्न मागायलीय, उद्या व्यंकटराव येऊन माझ्या नरड्याला धरतील. मी म्हणलं, "आधी तुझं लग्न झाल्याचा काहीतरी पुरावा आण, मग देते."

"काकू, पुरावाच तर मागायला आले न मी."

"ते मला काय माहीत? आधार आण, पत्रिका आण, आईला आण."

पोरगी उन्हात आल्या वाटेनं एसटीनं परत गेली. त्याच संध्याकाळी भाजी घेऊन येताना बघते तर काय, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात सिद्धोधन अन् व्यंकटराव समोरासमोर बसून चहा प्यायलेत. सगळं एका क्षणात जुळलं. लग्नाचा पुरावा माझ्या डब्यात, डब्याची चावी ह्याच्या हातात, अन् उद्यापासून हा डिस्का काढणार, अन् 'जुन्या डिस्का घरी नेऊन त्यांच्यावरचं सगळं पुसून आणतो' म्हणला होता! मी मनात म्हणलं, थांब तुला दाखवते.

दुसऱ्या दिवशी अकराला तो आला. मी त्याच्या मागं उभी. कॉम्प्युटरवर आजारी डिस्कीचा नंबर बघितला, चिठ्ठी बघितली, तिसरा खण ओढला अन् डिस्क काढून काउंटरवर ठेवली. मग स्क्रीनकडं वळला.

मी मनात म्हणलं, बाकीच्या तिघींकडं सगळं हायच, ही आजारी काय माझ्या दुकानाबाहेर जात न्हाई. हातोडा शेजारीच होता. उचलला अन् घातला. एक, दोन, तीन.

"ताई, थांबा!" तो वरडला. पण झालं होतं. डिस्कीचा पार चेंदामेंदा.

तो स्क्रीनकडं बघायलाय, काउंटरकडं बघायलाय. "ही ती न्हाई. ही चांगली होती. आजारी अजून आतच हाय." अन् एका झटक्यात त्यानं डबा बंद केला. मग तुकडे उचलून जवळून बघितले. बराच वेळ बघितले. आतल्या तिन्ही डिस्का थोड्या थोड्या ओढून बघितल्या.

"ताई, मधल्या काळात कुणी डिस्का काढल्या होत्या का?"

"न्हाई!" मी ताडकन म्हणलं. खोटं बोलायचं म्हणून न्हाई, देवाशपथ. काढल्या म्हणजे चोरून काढल्या, एवढंच माझ्या डोक्यात. पूजा म्हणजे काय काढणं असतं का? शब्द तोंडातून गेल्यावर आठवलं, अन् मग मला गिळता बी येईना अन् थुंकता बी येईना.

तेवढ्यात रुख्मिणी दारात. सोबत आई कुसुमबाई, हातात आधार कार्ड अन् मामाच्या घरून शोधून आणलेली लग्नपत्रिका, चार घड्या पडलेली. सिद्धोधननंच सांगितलं. एक डिस्क गेली, एक आजारी हाय, दुसरी बी गेली तर ह्यातलं काहीच निघणार न्हाई.

कुसुमबाई पुढं झाली. "पण कुणी घालवली?"

अन् मी, बाई, मी काय बोलले ते आज बी सांगायला लाज वाटती. मी म्हणलं, "ह्याला विचारा. काल व्यंकटरावबरोबर चहा पिताना बघितलंय मी ह्याला."

"पैसे खाल्ले का रे मुडद्या?" कुसुमबाईनं त्याची गचांडी धरली. "माझ्या लेकीचा संसार इकलास का?"

त्यानं तिचे हात सोडवले न्हाईत. एवढंच म्हणला, "मावशी, चूक माझी हाय. नंबर न बघता काढली. मला चार दिवस द्या. मंगळवारच्या आत बघू."

बघा, कबूल झाला! माझा शक पक्का. त्याची युक्ती अशी होती की आजारी डिस्क डब्यात चालवायचीच न्हाई. घरी न्यायची अन् तिच्यावरचं सगळं कणाकणानं एका नव्या डिस्कीवर उतरवायचं. अडली तर थांबायचं, गार होऊ द्यायचं, परत चालवायचं. मग ती नवी आजारीच्या जागी घालायची, की तिघी मिळून सगळं सांगतील.

"ने," मी म्हणलं, "पण मी तिथं बसणार. भागवत बघंल दुकान." भागवत म्हणजे आमचा शूटिंगवाला.

अन् खरंच बसले. भीमनगरात दोन खोल्यांचं घर. मानवतमध्ये माझा जन्म गेला, पण त्या गल्लीत मी कधी पाय ठेवला नव्हता. टेबलावर ती आजारी डिस्क, वर छोटा पंखा, शेजारी रजिस्टर. पहिल्या दिवशी मी घरून पाण्याची बाटली नेली होती. बबितानं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं अन् आणलेला पाण्याचा तांब्या परत आत नेला. त्यांची लेक पिंकी अभ्यास करायली होती. तिनं बी बघितलं.

दिवसभर मी नजर हालवली न्हाई. डिस्क मधीच खट् खट् करायची. मग सिद्धोधन कान लावायचा, बंद करायचा, रजिस्टरात वेळ लिहायचा अन् अर्धा घंटा भिंतीला टेकून बसायचा. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, "व्यंकटरावनं काय सांगितलं होतं तुला?"

"आडतीवरच्या कॅमेऱ्याचं काम माझ्याकडं हाय. चहाला बोलावलं. म्हणले, जुनी शूटिंग किती दिवस राहती डब्यात? मी म्हणलं, डबा हाय तोवर. म्हणले, डबा बिघडतो बी कधीमधी. मी म्हणलं, म्हणून तर उद्या दुरुस्त करायलोय. चहा तसाच ठेवून गेले ते."

खरं कशावरून? माझं मन लगेच म्हणलं. पण जोर नव्हता त्यात. हळद माझ्याच नखात बसल्यासारखी वाटायली होती. तिसऱ्या दिवशी ऊन लय होतं, बाटली संपली. बबिता आतून आली, मी तिला म्हणलं, "थोडं पाणी देतीस का गं?" तिनं तांब्या दिला. नंतर चहा बी दिला. कशाचाच टोमणा मारला न्हाई, त्यानं तर मी अजूनच मेले.

सोमवारी दुपारी उतरवणं संपलं. चौदा वर्षांतला चिमूटभर भाग वाचता आला न्हाई, बाकी सगळं आलं. दुकानात येऊन त्यानं तीन डिस्का डब्यात घातल्या. आता मात्र प्रत्येक डिस्कीचा नंबर दोनदा मोठ्यानं वाचला. रुख्मिणी अन् कुसुमबाई बाकड्यावर हात धरून बसल्या होत्या. बटण दाबलं. डबा घुरघुरला. स्क्रीनवर एकेक गाव उगवायला लागलं.

रुख्मिणीचं लग्न सापडलं. लावलं. पण सगळ्यांच्या तोंडाला मास्क! नवरा कोण, नवरी कोण, काय कळतंय? कुसुमबाईनं माझा दंड असा दाबला की वळ उठला. मग मंगळसूत्राची वेळ आली अन् नवरीनं मास्क खाली ओढला. रुख्मिणी. नवऱ्यानं बी ओढला. अन् व्यंकटराव हनुवटीवर मास्क घेऊन, मूठभर अक्षता टाकत कॅमेऱ्याला म्हणायलेत, "सूनबाईसंगं आमचा बी एक काढ रे."

रुख्मिणी रडली न्हाई. "परत एकदा लावा," एवढंच म्हणली.

सिद्धोधननं तिला दोन प्रती करून दिल्या अन् हात धुवायला मागं गेला. रजिस्टर काउंटरवर उघडंच होतं. माझ्या स्वभावाला औषध न्हाई, मी वाचलं. डिस्क फुटली त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिलं होतं, 'तुटलेल्या डिस्कीवर हळदी-कुंकू. आतल्या तिन्हीवर बी. जागा बदलल्यात. मी बी चिठ्ठीवर भरवसा ठेवला, स्वतःच्या हातची म्हणून. पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी येऊन डबा बंद करून देणे. पूजा बाहेरूनच.'

तो आला. मी रजिस्टरावर बोट ठेवलं. "तुला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. का न्हाई बोललास?"

"बोललो असतो तर त्या मावशी तुमच्याशी भांडल्या असत्या, पोलीस आले असते, डबा उचलून नेला असता. ती डिस्क अजून दोनदा चालू-बंद झाली असती तर मेली असती. मला चार दिवस पाहिजे होते." मग पान उलटत म्हणला, "अन् माझ्यावर शक घेतला तर काय नवीन न्हाई ताई. मला सवय हाय. तुमाला नसती."



गुरुवारी दोघी मायलेकी पेढे घेऊन आल्या. कोर्टात शूटिंग लागली. निकाल अजून व्हायचाय, पण 'लग्नच झालं न्हाई' हे तिकडच्या वकिलानं परत तोंडातून काढलं न्हाई. सिद्धोधन तिथंच बसून रिकाम्या राहिलेल्या खणात नवी डिस्क घालत होता. पाचवी बी मी आणली होती, प्रतीची. आडतीवरचं कॅमेऱ्याचं काम व्यंकटरावनं काढून घेतलंय, हे मला बबिताकडून कळलं होतं, त्याच्याकडून न्हाई.

कुसुमबाईनं पेढ्याचा पुडा माझ्या हातात ठेवला. "बाई, तुमी होत्या म्हणून. चार दिवस त्याच्या उरावर बसल्या म्हणून निघालं. न्हाईतर ह्यानं बुडवलंच होतं आमाला." अन् त्याच्याकडं पाठ केली.

तो खाली मान घालून स्क्रू आवळायलता. बोलणार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

"कुसुमबाई," मी म्हणलं, "डिस्का मी काढल्या होत्या. पूजेला. जागा मी बदलल्या, चांगली डिस्क मी फोडली, अन् त्याचं नाव बी मीच घेतलं. त्यानं फक्त वाचवलं."

कुसुमबाई माझ्याकडं बघायला लागली. जसं मी आजवर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाकडं बघत आले, तसं.

"मग त्या दिवशी मी त्याची गचांडी धरली, तवा का गप बसल्या तुमी?"

 

रुख्मिणी उठली. तिनं माझ्या हातातला पुडा घेतला, उघडला, अन् आधी सिद्धोधनसमोर धरला.